जुन्या मॅकवर प्रोग्राम नेताना येणारे मेमरीचे इशारे आणि त्यांची दुरुस्ती

नागपुरात महाल भागातल्या एका छापखान्यात एक आयमॅक जी५ अजूनही रोज सकाळी सुरू होतो. त्यावर मॅक ओएस टेनची १०.५ ही आवृत्ती, म्हणजे लेपर्ड, आहे. मेमरी १ जीबी आहे आणि लग्नसराईत पत्रिकांची बहुतेक पाने त्याच यंत्रावर लागतात. छापखान्याचे पानमांडणीचे सॉफ्टवेअर पॉवरपीसी प्रोसेसरसाठीचे आहे. अशी सॉफ्टवेअरे इंटेलच्या मॅकवर चालवणारी रोझेटाची सोय ॲपलने २०११ मध्ये १०.७ या आवृत्तीपासून काढून टाकली, त्यामुळे नवे यंत्र घ्यायचे म्हटले की सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि साठलेल्या सगळ्या फायली यांचा प्रश्न एकदमच उभा राहतो. मालकांकडे मी हा विषय एकदा काढला होता. "चालून राह्यलं ना भाऊ, मंग कायले बदलाचं?" असे ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यांच्यासाठी मी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत, माझ्या नव्या मॅकवर लिहिला होता. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवत आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असे. त्यामुळे तक्ता समोर ठेवून प्रत्येक तुकडा बदलत जाणे, एवढेच या प्रोग्रामचे काम. तो जेव्हा त्या आयमॅकवरच चालवायचे ठरले आणि जुन्या कंपायलरपुढे (कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या साधनापुढे) कोड ठेवला, तेव्हा मेमरीविषयीच्या वॉर्निंग, म्हणजे इशारे, पडद्यावर मावेनात. ते इशारे कोणत्या क्रमाने आणि कसे दूर करावेत, हे त्या कामाच्या आधारे येथे सांगतो. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीतच लिहायचे आहेत.

इशारे मुळात का येतात

आज ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये कोड लिहिणारा माणूस रिटेन (ऑब्जेक्ट धरून ठेवणे) आणि रिलीज (ते सोडणे) हे शब्द क्वचितच लिहितो, कारण ते काम 'आर्क' ही सोय करते. ती २०११ मध्ये एक्सकोड, म्हणजे ॲपलचे प्रोग्राम बांधण्याचे साधन, याच्या ४.२ आवृत्तीबरोबर आली. कोणते ऑब्जेक्ट कोठवर लागणार आहे याचा हिशेब कंपायलर स्वतः करतो आणि रिटेन-रिलीजच्या ओळी गुपचूप घालतो. मॅकवर आर्क १०.७ मध्ये पूर्णपणे चालते. १०.६ मध्ये ते फक्त ६४ बिटी प्रोग्रामसाठी आणि वीक, म्हणजे मालकी न धरणाऱ्या, संदर्भांशिवाय चालते, १०.५ मध्ये किंवा ३२ बिटी प्रोग्राममध्ये ते मुळीच नाही. याचा अर्थ असा की लेपर्डसाठी प्रोग्राम बांधताना, आजवर कंपायलर ठेवत होता ती सगळी वही आपल्याला हाताने लिहायची आहे, आणि प्रत्येक इशारा म्हणजे त्या वहीतली एक न झालेली नोंद आहे.

वहीचा नियम एकच आहे. ज्या मेथडचे नाव ॲलॉक, न्यू, कॉपी किंवा म्युटेबलकॉपी यांपैकी एकाने सुरू होते तिच्याकडून मिळालेले ऑब्जेक्ट आपल्या मालकीचे असते, आणि ज्याला आपण स्वतः रिटेन पाठवला तेही आपल्या मालकीचे होते. जे मालकीचे आहे त्याला कधीतरी रिलीज किंवा ऑटोरिलीज (म्हणजे थोड्या वेळाने होणारा रिलीज) पाठवलाच पाहिजे, आणि जे मालकीचे नाही त्याला हे दोन्ही संदेश कधीही पाठवता कामा नयेत. हा हिशेब क्लासगणिक जुळला पाहिजे: एका क्लासने केलेला रिटेन दुसऱ्या क्लासने फेडायचा, अशी उधारी सुरू झाली की वही पुन्हा जुळत नाही. ऑब्जेक्टची सध्याची गणना सांगणारी रिटेनकाउंट ही मेथड उपलब्ध असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण सिस्टिमच्या लायब्ररीनेही मध्येच स्वतःचे रिटेन केलेले असतात आणि कोडमध्ये लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंगसाठी तर ती भलताच प्रचंड आकडा देते.

एक मोह आधीच बाजूला ठेवावा. लेपर्डमध्ये ॲपलने ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी गार्बेज कलेक्शन, म्हणजे न लागणारी ऑब्जेक्ट आपोआप शोधून मोकळी करण्याची सोय, आणले होते, आणि कंपायलरला तो पर्याय दिला की निम्मे इशारे एका झटक्यात नाहीसे होतात. परंतु १०.८ पासून ॲपलने ही सोय कालबाह्य ठरवली, त्यामुळे असा कोड पुढच्या कोणत्याही यंत्रावर नेता येत नाही, आणि जेमतेम मेमरी असलेल्या यंत्रावर कलेक्टर कधी जागा होईल याची वाट बघत बसणे मला तरी परवडत नाही.

साधने आणि पहिली बांधणी

लेपर्डवर चालणारा शेवटचा एक्सकोड म्हणजे ३.१.४. मात्र शक्य असेल तर बांधणी एखाद्या जुन्या इंटेल मॅकवर १०.६, म्हणजे स्नो लेपर्ड, आणि एक्सकोड ३.२.६ घेऊन करावी, असे मी सुचवीन. या जोडीतून १०.५ च्या एसडीकेवर, म्हणजे त्या आवृत्तीच्या लायब्ररींच्या संचावर, पॉवरपीसीचा प्रोग्राम बांधता येतो, आणि ३.२ पासून एक्सकोडमध्ये कोडची चिकित्सा करणारा ॲनालायझर आहे, ज्याची गरज पुढे पडणारच आहे. एक्सकोड ४ मध्ये पॉवरपीसीची बांधणी काढून टाकलेली असल्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये.

एसडीके आणि डिप्लॉयमेंट टार्गेट (ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर प्रोग्राम चालवायचा ती) हे दोन्ही १०.५ वर ठेवावेत. नुसते टार्गेट जुने आणि एसडीके नवा ठेवला, तर जुन्या सिस्टिममध्ये नसलेल्या मेथडही कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो आणि पितळ थेट ग्राहकाच्या यंत्रावर उघडे पडते. त्यानंतर सगळे इशारे दाखवण्याचा पर्याय सुरू करून संपूर्ण बांधणी एकदा करावी आणि आलेला मजकूर फायलीत साठवून प्रकारानुसार लावून घ्यावा. इशारे दिसल्या क्रमाने सोडवत बसलो, तर जिथे कंपायलर कुरकुरतो तिथे एक रिटेन टाकून पुढे जाण्याची सवय लागते. मी पहिल्या दिवशी नेमके तेच केले, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे रिटेन शोधून काढण्यात सकाळ गेली.

प्रॉपर्टी, डीॲलॉक आणि वीक

पहिला गठ्ठा प्रॉपर्टींचा, म्हणजे क्लासने जाहीर केलेल्या गुणधर्मांचा, असतो. जीसीसी ४.२ ला, म्हणजे या जुन्या कंपायलरला, 'स्ट्राँग' हा शब्दच ठाऊक नसतो, म्हणून तो काढून टाकला जातो आणि लगेच इशारा येतो की असाइन, रिटेन किंवा कॉपी यांपैकी काहीच लिहिलेले नसल्यामुळे असाइन गृहीत धरले आहे. हा इशारा दिसायला सौम्य असला तरी अतिशय गंभीर आहे. असाइन म्हणजे पॉइंटर नुसता टिपून ठेवायचा, मालकी घ्यायची नाही, त्यामुळे मूळ ऑब्जेक्ट सुटले की आपल्या हातात रिकाम्या घराचा पत्ता उरतो. उत्तर ठरलेले आहे: स्ट्राँगच्या जागी रिटेन लिहावे आणि प्रॉपर्टी स्ट्रिंगची असेल तर कॉपी लिहावे, कारण देणाऱ्याने म्युटेबल स्ट्रिंग दिली आणि नंतर तीच बदलली, तर आपला मजकूरही पाठीमागे बदलतो. ३२ बिटी रनटाइमवर प्रॉपर्टीमागचे व्हेरिएबल आपोआप तयार होत नाही. ते क्लासच्या इंटरफेसमध्ये स्वतः लिहून सिंथेसाइझची ओळ द्यावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यात विचार करण्यासारखे काही नाही.

दुसरा इशारा डीॲलॉक, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या, मेथडमध्ये सुपरचा (पालक क्लासचा) डीॲलॉक बोलावलेला नाही, असा येतो. आर्कमध्ये ती ओळ लिहिण्यास मनाईच असल्यामुळे ती कोडमध्ये नसणारच. प्रत्येक डीॲलॉकच्या अखेरीस ती घालावी आणि तिच्याआधी क्लासच्या मालकीच्या प्रत्येक व्हेरिएबलला रिलीज पाठवावा. येथे सेटर (मूल्य भरणारी मेथड) वापरून निल (रिकामे मूल्य) देण्यापेक्षा व्हेरिएबललाच थेट रिलीज द्यावा, कारण कोणी उपक्लास करून तो सेटर बदललेला असेल, तर अर्धवट मोडलेल्या ऑब्जेक्टवर त्याचा कोड चालतो. या इशाऱ्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. डीॲलॉक लिहून सुपर विसरला तर कंपायलर बोलतो. डीॲलॉक मुळात लिहिलाच नसेल तर तो चूप राहतो. आर्कवरून आलेल्या बहुतेक क्लासमध्ये डीॲलॉक नसतोच, म्हणून रिटेन किंवा कॉपी असलेली एक तरी प्रॉपर्टी ज्यात आहे अशा क्लासची यादी करून प्रत्येकात डीॲलॉक आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

वीक संदर्भांसाठी सोपे भाषांतर नाही. आर्कमधला वीक पॉइंटर समोरचे ऑब्जेक्ट गेल्यावर आपोआप निल होतो आणि निलला पाठवलेला संदेश निमूटपणे वाया जातो. लेपर्डवर त्याच्या जागी असाइनच लिहावे लागते आणि तो पॉइंटर गेलेल्या ऑब्जेक्टकडेच बोट दाखवत राहतो. त्यातून, लेपर्डच्या कंपायलरमध्ये वीक हा शब्द गार्बेज कलेक्शनच्या संदर्भात आहे आणि ते बंद असताना त्याचा काही उपयोग होत नाही, म्हणून तो शब्द कोडमध्ये राहू दिला तर नुसती दिशाभूल होते. जो ऑब्जेक्ट दुसऱ्याचा डेलिगेट (त्याचे निरोप घेणारा) झाला आहे त्याने आपल्या डीॲलॉकमध्ये त्या दुसऱ्याचा डेलिगेट निल करावा, आणि नोटिफिकेशन सेंटरमध्ये नाव नोंदवले असेल तर तेथूनही ते काढून घ्यावे. टायमरची गोष्ट उलटी आहे. टायमर आपल्या टार्गेटला रिटेन करतो, त्यामुळे टायमर रद्द करण्याची ओळ टार्गेटच्या डीॲलॉकमध्ये लिहिली, तर ती कधीच चालत नाही. ती खिडकी बंद होण्यासारख्या एखाद्या निश्चित क्षणाला बांधावी.

ऑटोरिलीज पूल: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

ऑटोरिलीज पाठवलेली ऑब्जेक्ट एका पूलमध्ये जमा होतात आणि तो रिकामा, म्हणजे ड्रेन, झाला की त्यांना रिलीज मिळतो. नव्या कोडमध्ये महिरपी कंसांचा ऑटोरिलीजपूल असतो. जीसीसी ४.२ तो ओळखत नाही, म्हणून त्याच्या जागी एनएसऑटोरिलीजपूल या क्लासचे ऑब्जेक्ट तयार करून शेवटी त्याला ड्रेन पाठवावा, असे कोणतेही पुस्तक सांगेल. सल्ला बरोबर आहे. फक्त या दोन गोष्टी अगदी सारख्या नाहीत, आणि फरक कोणत्याही इशाऱ्यात दिसत नाही.

माझा प्रोग्राम फायलीतली एक ओळ घेतो, कडेच्या मोकळ्या जागा छाटतो, ओळ रिकामी असेल तर 'कंटिन्यू' म्हणून पुढच्या ओळीवर जातो आणि नसेल तर तक्त्याप्रमाणे तुकडे बदलतो. लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला मी पूल तयार केला होता आणि शेवटी ड्रेन केला होता. बांधणीत इशारा नव्हता, तरी मोठी फाइल दिली की ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी चढतच राहायची. कारण सापडले ते छापखान्यातल्या सवयीत. जुन्या ऑपरेटरांनी दोन परिच्छेदांत अंतर सोडण्यासाठी रिटर्नची कळ चार-चार, पाच-पाच वेळा दाबलेली होती, आणि प्रत्येक रिकाम्या ओळीला कंटिन्यू ड्रेनच्या ओळीला वळसा घालून निघून जात होता. त्या फेरीचा पूल तसाच खाली राहून त्याच्यावर पुढच्या फेरीचा नवा पूल चढत होता. पूल एकावर एक रचलेले असतात आणि बाहेरचा पूल रिकामा झाला की आतले राहिलेलेही रिकामे होतात, त्यामुळे काम संपल्यावर सगळे सुटत होते आणि शेवटी तपासणाऱ्याला गळती दिसत नव्हती. महिरपी कंसांच्या पूलमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण कंटिन्यू, ब्रेक किंवा रिटर्न यांपैकी कशानेही बाहेर पडले तरी तो पूल रिकामा होतो. म्हणून रूपांतर करताना पूलच्या आतल्या प्रत्येक बाहेर पडण्याच्या वाटेवर बोट ठेवून पाहावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे एका ओळीचे काम करणारी वेगळी मेथड करावी, तिच्यात हवे तितके रिटर्न असू द्यावेत, आणि लूपमध्ये पूल तयार करणे, ती मेथड बोलावणे व ड्रेन करणे एवढ्या तीनच ओळी ठेवाव्यात.

या तीन ओळींतही एक सापळा उरतो आणि तो एररचा आहे. कोको या ॲपलच्या लायब्ररीच्या पद्धतीप्रमाणे मेथडला एरर ठेवण्यासाठी पॉइंटरचा पत्ता दिला जातो आणि तिथे येणारे एरर ऑब्जेक्ट ऑटोरिलीज झालेले असते. ते लूपमधल्या पूलच्या आत तयार झाले, आपण ड्रेन करून बाहेर आलो आणि मग वापरकर्त्याला संदेश दाखवायला गेलो, तर ते ऑब्जेक्ट पूलबरोबरच वाहून गेलेले असते. म्हणून एरर मिळताच, ड्रेनच्या आधी, त्याला रिटेन पाठवावा आणि ड्रेन झाल्यावर ऑटोरिलीज पाठवावा, म्हणजे ते बोलावणाऱ्याच्या पूलमध्ये जाते. पूलची हद्द ओलांडून बाहेर न्यायच्या प्रत्येक ऑब्जेक्टला हाच नियम लागू आहे. ही चूक चांगल्या फायलीवर कधी दिसत नाही. फाइल बिघडलेली असते तेव्हाच प्रोग्राम कोसळतो आणि वापरकर्त्याला वाटते की फायलीनेच तो पाडला.

पूलविषयीचा तिसरा इशारा बांधताना न येता प्रोग्राम चालताना कन्सोलमध्ये येतो. त्याचा आशय असा असतो की अमुक क्लासचे ऑब्जेक्ट पूल नसताना ऑटोरिलीज झाले असून ते नुसते गळत आहे. वेगळ्या थ्रेडवर सुरू केलेल्या मेथडमध्ये किंवा कमांड लाइनच्या प्रोग्रामच्या मेन फंक्शनमध्ये पूल नसणे, हेच त्याचे नेहमीचे कारण असते. थ्रेडची मेथड म्हणजे पहिल्या ओळीला पूल आणि शेवटच्या ओळीला ड्रेन, हे डोळे मिटून करावे. जागा सापडत नसेल तर लेपर्डवर एनएसऑटोरिलीजनोपूल या, आधी एक अधोरेषा असलेल्या, फंक्शनवर डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावावा. त्या क्षणाचा स्टॅक पाहिला की कोणती ओळ दोषी आहे ते दिसते.

कंपायलर ज्याबद्दल बोलत नाही

येथवर आल्यावर इशाऱ्यांची यादी बरीच आटते आणि काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कंपायलरने आपली मदत येथेच थांबवलेली असते. आता ॲनालायझर चालवावा. ॲरेत ऑब्जेक्ट घालताना ते जागेवरच ॲलॉक-इनिट करून देण्याची आर्ककालीन सवय तो ताबडतोब पकडतो: ॲरेने स्वतःचा रिटेन केला, आपली मालकी मात्र तशीच राहिली, म्हणून ही संभाव्य गळती आहे. जन्मतःच ऑटोरिलीज पाठवणे हे त्याचे उत्तर. इनिटमध्ये काही बिनसले म्हणून निल परत करताना सेल्फला रिलीज न देणे, मालकी नसलेल्या ऑब्जेक्टला रिलीज देणे, रिलीजनंतर ते वापरणे, हेही तो वाट रेखाटून दाखवतो. त्याचा निर्णय मेथडच्या नावांवर अवलंबून असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. माझ्या कोडमध्ये 'न्यूलाइन' नावाची, एल मोठ्या लिपीतला असलेली, एक मेथड ऑटोरिलीज झालेली स्ट्रिंग परत करत होती. न्यूने सुरुवात होत असल्यामुळे ॲनालायझर तिला मालकी देणारी समजत होता, आणि त्याचे बरोबरच होते. नाव बदलले आणि इशारा गेला. शब्दाच्या सुरुवातीनंतर मोठे अक्षर आले तरच तो त्या घराण्यातला मानला जातो, म्हणून 'कॉपीराइट' हा सरळ छोट्या लिपीतला शब्द निर्दोष ठरतो.

एका फरकाने मला सर्वांत जास्त छळले, आणि त्याबद्दल आधी कोणी सांगितले नव्हते. आर्क प्रत्येक स्थानिक ऑब्जेक्ट व्हेरिएबलला सुरुवातीला निल देते. हाताने मेमरी सांभाळताना ते कोणीही देत नाही आणि त्या व्हेरिएबलमध्ये स्टॅकवरचा जुना कचरा असतो. मूल्य न देता जाहीर केलेला एरर पॉइंटर, आर्कवर वर्षानुवर्षे ठीक चालणारा, लेपर्डवर पहिल्याच दिवशी कोसळू शकतो. व्हेरिएबल मूल्याशिवाय वापरले जात असल्याचा इशारा जीसीसी ४.२ देतो, पण कोड ऑप्टिमाइझ करून बांधला तरच. डीबग बांधणीत ऑप्टिमायझेशन बंद असते आणि इशाराही बंद असतो. म्हणून एकदा तरी ऑप्टिमायझेशन सुरू करून बांधणी करावी, आणि तसेही प्रत्येक व्हेरिएबलला जाहीर करतानाच निल द्यावे.

दुसरा मूक फरक ॲरेतून काढलेल्या ऑब्जेक्टचा आहे. ॲरेतले पहिले ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये घेतले, मग ते ॲरेतून काढून टाकले आणि त्यानंतर व्हेरिएबल वापरले, अशा तीन ओळी आर्कमध्ये निर्धोक आहेत, कारण स्थानिक व्हेरिएबलही मालकी धरून ठेवते. हाताने सांभाळताना ॲरे हाच बहुधा एकटा मालक असतो आणि दुसऱ्या ओळीलाच ऑब्जेक्ट मरते. घेतानाच रिटेन आणि लगेच ऑटोरिलीज पाठवला की प्रश्न मिटतो.

ॲरे आणि डिक्शनरी लिहिण्याची संक्षिप्त रीतही जुन्या कंपायलरला समजत नाही, म्हणून ऑब्जेक्टांची यादी देऊन ॲरे करणारी मेथड वापरावी लागते आणि यादीच्या शेवटी निल द्यावा लागतो. तो विसरला तर 'सेंटिनल नाही' असा इशारा येतो. त्याला क्षुल्लक समजू नये, कारण निल सापडेपर्यंत ती मेथड स्टॅकवरचा कचरा ऑब्जेक्ट समजून वाचत जाते. उलट यादीच्या मधलेच एखादे मूल्य निल निघाले तर ॲरे तेथेच, आवाज न करता, आखूड होतो. नव्या रीतीत अशा वेळी प्रोग्राम थांबून तक्रार करतो. लेपर्डवर ब्लॉकही नाहीत. तक्त्यातले तुकडे लांबीप्रमाणे लावण्यासाठी, म्हणजे जोडाक्षर त्याच्या अर्ध्या अक्षराच्या आधी जुळावे यासाठी, मी ब्लॉक वापरला होता; त्याच्या जागी साधे सी फंक्शन देऊन क्रम लावणारी मेथड घेतली, आणि मला ती वाचायलाही सोपी वाटते.

कोअर फाउंडेशन या ॲपलच्या सी भाषेतल्या लायब्ररीकडून येणाऱ्या ऑब्जेक्टांसाठी आर्कमध्ये ब्रिजचे तीन प्रकार लिहिलेले असतात. नुसता ब्रिज हा मालकी न हलवणारा असल्यामुळे रिकामा मॅक्रो करून उडवून टाकता येतो. ब्रिज-ट्रान्सफर मात्र तसा उडवू नये: ज्या फंक्शनच्या नावात क्रिएट किंवा कॉपी आहे त्याने मालकी दिलेली असते, म्हणून तेथे रूपांतर करून ऑटोरिलीज पाठवावा. नावात गेट असेल तर काहीही पाठवू नये.

सी भाषेच्या भागात आणखी एक इशारा येतो, की फंक्शन जाहीर न करता वापरले आहे आणि पूर्णांकापासून पॉइंटर बनवला जात आहे. गेटलाइन आणि स्ट्रएनडप ही फंक्शने मॅकवर १०.७ मध्ये आली. त्याआधी ती नाहीत. कास्ट करून हा इशारा गप्प करू नये. मॅलॉकने लांबीपेक्षा एक बाइट जास्त घेऊन, मजकूर उतरवून, शेवटी शून्य ठेवणारे चार ओळींचे फंक्शन स्वतः लिहावे आणि ते फ्री करण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे, हे त्याच्या नावाजवळच टिपून ठेवावे.

एकच कोड दोन्हीकडे

नव्या मॅकवरची आवृत्ती चालू ठेवायची असेल तर कोडचे दोन संच करू नयेत. काही महिन्यांत ते एकमेकांना ओळखेनासे होतात. कंपायलरकडे आर्क आहे का हे हॅज-फीचर या मॅक्रोने विचारता येते. जीसीसी ४.२ मध्ये हा मॅक्रो नाही, म्हणून तो नसल्यास त्याची किंमत शून्य धरावी, अशी ओळ सर्वांत आधी घालावी. त्याच्या आधारे स्वतःचे रिटेन, रिलीज, ऑटोरिलीज आणि सुपर डीॲलॉकचे मॅक्रो करता येतात, जे आर्कमध्ये काहीच करत नाहीत. मी ते केले आणि नंतर काढून टाकले. प्रोग्राम लहान असेल तर त्याहून सरळ मार्ग असा, की सगळा कोड हातानेच मेमरी सांभाळणारा ठेवावा आणि नव्या एक्सकोडमध्ये त्या फायलींपुरते आर्क बंद करण्याचा पर्याय द्यावा. मॅक्रोंनी भरलेला कोड वाचताना मालकी कोणाची, हेच आधी दिसेनासे होते.

खऱ्या यंत्रावरची तपासणी

शेवटची तपासणी त्या जुन्या यंत्रावरच करावी. पहिल्यांदा एनएसझॉम्बीएनेबल्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सुरू करून प्रोग्राम चालवावा. मेलेली ऑब्जेक्ट मग खरोखर मोकळी न होता झॉम्बी म्हणून राहतात आणि त्यांना कोणी संदेश पाठवला तर कोणत्या क्लासच्या ऑब्जेक्टला कोणता संदेश गेला, हे कन्सोल सांगतो. ॲरेतून काढलेल्या ऑब्जेक्टची चूक मला येथेच सापडली. त्यानंतर झॉम्बी बंद करून मॅलॉकस्क्रिबल सुरू करावे. त्यामुळे मोकळी केलेली मेमरी ५५ या षोडशमान बाइटने भरली जाते, आणि डीबगरमध्ये पाच-पाचच्या रांगा असलेला पत्ता दिसला की मोकळ्या केलेल्या जागेला हात लागला आहे, हे लगेच कळते. गळतीसाठी मॅलॉकस्टॅकलॉगिंग सुरू ठेवून टर्मिनलमधून लीक्स ही आज्ञा द्यावी, म्हणजे गळलेला प्रत्येक तुकडा कोठे तयार झाला होता तेही कळते. मात्र ऑब्जेक्ट बाहेरच्या पूलमध्ये अडकून पडली असतील, तर लीक्सच्या लेखी ती गळती नसते. ती वाढ पकडण्यासाठी एक्सकोडबरोबर येणाऱ्या इन्स्ट्रुमेंट्समध्ये ऑब्जेक्टअलॉकचा आलेख लावून सर्वांत मोठी, सर्वांत जास्त रिकाम्या ओळींची फाइल द्यावी आणि आलेख सपाट राहतो की जिन्यासारखा चढतो, ते पाहावे.

यंत्र सुपूर्द करण्याआधी ही सगळी व्हेरिएबले काढून टाकावीत. मी ती एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली होती आणि सोयीसाठी त्याच स्क्रिप्टचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून घरी आलो. दोन दिवसांनी फोन आला की प्रोग्राम सकाळी चांगला चालतो आणि दुपारी मंद होतो. मे महिना होता, बाहेर ४५ अंश, आणि सगळ्यांचा संशय कूलरसमोर नसलेल्या यंत्रावर होता. मीही क्षणभर तेच मानले. तेथे जाऊन पाहिले तर झॉम्बी सुरूच होते, सकाळपासून मेलेले एकही ऑब्जेक्ट मोकळे झालेले नव्हते, आणि १ जीबी मेमरी भरल्यावर डिस्कची घरघर सुरू झाली होती. स्क्रिप्टमधली ती ओळ खोडून प्रोग्राम पुन्हा सुरू केला.